दुःखाचे खाते

नागपूर शहरात उमरेड रस्त्यावरचा ताजबाग आणि पश्चिमेच्या अंगाची दीक्षाभूमी ही दोन स्थळे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. सीताबर्डीहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाआधी दोन्ही पाहून घरी परतू शकतो. पण एकाच दिवसात ही दोन्ही स्थळे पाहणारे थोडे, आणि पाहिलीच तर त्यांच्यातील एका भेदाकडे लक्ष जाणारे त्याहूनही थोडे. ताजबागेत येणारा मनुष्य दुःख घेऊन येतो. कोणाच्या पदरात मूल नाही, कोणाची लेक माहेरी परत आली आहे, कोणाच्या भावाचे डोके ठिकाणावर नाही. तो चादर वाहतो, नवस बोलतो, जाळीला हात लावून घटकाभर उभा राहतो आणि काहीसा हलका होऊन बाहेर पडतो. दीक्षाभूमीवरही येणारा मनुष्य दुःख घेऊन येत नाही असे कोण म्हणेल? वाशीम-बुलढाण्याकडून, मराठवाड्याच्या टोकापासून, शिदोरी बांधून, फुटपाथावर दोन रात्री काढून जी माणसे विजयादशमीला तेथे लोटतात, त्यांच्या घरी सुखाची वाण नाही असे मुळीच नव्हे. परंतु तेथे नवस बोलण्याची वहिवाट नाही. माणसे रांगेने जातात, वंदन करतात, आणि बाहेर येऊन पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. त्या दोन-तीन दिवसांत तेथे जितका ग्रंथविक्रय होतो तितका आपल्या पुष्कळशा साहित्यसंमेलनांतही होत नसावा, असा माझा अनेक वर्षांचा अदमास आहे.

एका ठिकाणी मनुष्य दुःख सांगतो, दुसऱ्या ठिकाणी तो दुःखाची मीमांसा विकत घेतो. एवढा भेद कशाने पडला, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. सुख आणि दुःख या दोन शब्दांच्या पोटी ‘ख’ आहे, आणि ‘ख’ म्हणजे पोकळी अथवा छिद्र. ज्या छिद्रात रथाचा आख बसतो त्या चाकाच्या छिद्रालाही वैदिक भाषेत ‘ख’ म्हणत. म्हणून ज्याचे छिद्र नीट साधले आहे तो रथ ‘सुख’, आणि ज्याचे वेडेवाकडे आहे तो ‘दुःख’, अशी एक व्युत्पत्ती काही पंडितांनी मांडली आहे. ‘दुःस्थ’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने ‘दुःख’ सिद्ध झाला असे म्हणणारा दुसरा पक्षही आहे, आणि या वादात निकाल देण्याचा अधिकार मजकडे नाही. मात्र ज्याने विदर्भातल्या काळ्या मातीच्या पांदणीतून बंडीने प्रवास केला आहे, त्याला पहिली व्युत्पत्ती सोडवणार नाही. आखाला वंगण नसले म्हणजे चाक जे कण्हते ते कण्हणे बैलाचेही असते, गाडीवानाचेही असते आणि आत बसलेल्याचेही असते. ते नेमके कोणाचे हे सांगता येत नाही. दुःख ही वस्तू नसून जोडणीतला बिघाड आहे, ही कल्पना त्या एका अक्षरात दडलेली आहे, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी तिचा निकटचा संबंध आहे.

आपल्या दर्शनकारांनी या बिघाडाची विभागणी मोठ्या काटेकोरपणाने केली. सांख्यांनी दुःख त्रिविध मानले: स्वतःच्या देहमनापासून उद्भवणारे ते आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून पोहोचणारे ते आधिभौतिक, आणि अवर्षण, ग्रहपीडा यांसारखे ते आधिदैविक. या त्रयीत सावकार, पाटील आणि अस्पृश्याला विहिरीवरून हाकलणारा मनुष्य हे सारे साप आणि विंचू यांच्याच रकान्यात, आधिभौतिकात पडतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शास्त्राने त्यांना वेगळे खाते उघडून दिले नाही. नैयायिकांनी मोक्ष म्हणजे दुःखाचा आत्यंतिक नाश एवढेच म्हटले, त्यात आनंदाला जागा ठेवली नाही. वेदान्त्यांनी मोक्षाला आनंदस्वरूप मानले. या नैयायिक मोक्षाची जी थट्टा श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’त आली आहे ती आम्हां वैदर्भीयांना विशेष प्रिय असावी, कारण ते काव्य आमच्याच दमयंतीच्या स्वयंवराचे. त्यात चार्वाकाच्या मुखाने कवी म्हणवितो की, ज्या मुनीने सचेतन प्राण्यांना दगड होण्याची मुक्ती शिकविली तो गोतम आपले नाव अन्वर्थ करणारा, म्हणजे खरोखरच पुरता बैल, होय. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ या नावाचे अख्खे प्रकरण आहे. सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव नव्हे, ती दोन स्वतंत्र अनुभूती आहेत, असे त्यात त्यांनी पुष्कळ युक्तिवादाने प्रतिपादिले. ज्याला हा वाद मुळापासून पाहावयाचा असेल त्याने तेथे पाहावा. माझे काम विदर्भाशी जोडलेल्या तीन माणसांशी आहे.

त्यांतील पहिले गुलाबराव महाराज. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली त्यांचा जन्म झाला, वयाच्या नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली, लहानपणीच आई गेली, आणि १९१५ साली पुण्यास त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. माधान हे त्यांचे गाव. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, ते एकपाठी स्मरणात साठवावेत, आणि शिष्यांना मजकूर सांगून तो लिहवून घ्यावा, या रीतीने त्यांनी मराठी, संस्कृत आणि व्रज भाषांत शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना केल्या. शांकर वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरपर्यंत त्यांच्या खंडनमंडनाचा पल्ला गेलेला पाहिला म्हणजे कुणब्याच्या घरच्या या आंधळ्या पोराला हे कोणत्या शाळेने दिले, असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर ‘कोणत्याही नाही’ असे आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाची पत्नी मानीत. कुंकू, मंगळसूत्र ही सौभाग्यचिन्हे धारण करीत. अद्वैताच्या शिखरावर भक्तीचे माधुर्य राहतेच, या त्यांच्या सिद्धान्ताला मधुराद्वैत हे नाव मिळाले आहे.

आता, या माणसाने दुःखाचे काय केले? नवव्या महिन्यात गेलेली दृष्टी परत यावी म्हणून त्यांनी नवस केल्याची कथा मी कोठे वाचली नाही. त्यांच्या दृष्टीने डोळ्यांचा अभाव ही घडलेली गोष्ट होती, परंतु तिच्यावर दुःखाची नोंद घालावयाची की नाही हा अधिकार मनाच्या दफ्तराकडे होता, आणि ते दफ्तर त्यांनी आपल्याच ताब्यात ठेवले. बुद्धाच्या नावे सांगितलेले, संयुत्तनिकायातले एक सूत्र यावर उत्तम भाष्य करते. त्याचा आशय असा की, अज्ञ मनुष्याला एकामागून एक दोन बाण लागतात. पहिला देहाला, म्हणजे वेदना. दुसरा मनाला, म्हणजे त्या वेदनेवरचा शोक, संताप आणि ऊर बडवणे. ज्ञानी मनुष्यालाही पहिला बाण चुकत नाही. दुसरा मात्र त्याला लागत नाही. गुलाबरावांना बुद्धमत मान्य नव्हते, परंतु या सूत्राला त्यांच्या आयुष्याइतका चोख दाखला दुसरा शोधूनही मिळणे कठीण. वैष्णवांचा अंध कवी आणि बौद्धांचा भिक्षू येथे एका पंगतीला बसतात, आणि दोघांचेही नाव दुःखाच्या खात्यावर शिल्लक दिसत नाही.

दुसरे ताजुद्दीन बाबा. त्यांचा जन्म १८६१ साली कामठीच्या छावणीत झाला. मातापिता लवकर निवर्तल्याने आजोळी वाढ झाली. पुढे पलटणीत भरती होऊन ते सागरला गेले, तेथे एका फकिराच्या मजारीवर रात्री काढू लागले, आणि एके दिवशी शिपाईगिरीचा राजीनामा देऊन मोकळे झाले. कामठीला परत आल्यावर ते गल्लीबोळांतून भटकत. पोरे दगड मारीत. १८९२ साली सरकारने त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकले. युरोपियन स्त्रिया टेनिस खेळत होत्या त्या मैदानापुढून ते विवस्त्र गेले म्हणून हुकूम सुटला, असे लोक सांगतात. आणि मला आता पागलखान्यात जावयाचे आहे असे त्यांनी आदल्या दिवशीच म्हटले होते, ही पुस्तीही त्या कथेला भाविकांनी जोडलेली आहे. पुढे सोळा वर्षे ते तेथे होते. दर्शनासाठी माणसांची रीघ तुरुंगवजा त्या इमारतीच्या दारापर्यंत लागू लागली, आणि १९०८ साली राजे रघूजीराव भोसल्यांनी सरकारदरबारी जामीन राहून त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १९२५च्या ऑगस्टात ते गेले. आरंभी सांगितलेला ताजबाग तो त्यांचाच.

हा मुसलमान फकीर, त्याचा जामीन राहणारा मराठा राजा, आणि त्याला वेडा ठरवणारे इंग्रजी दफ्तर, असा त्रिवेणी योग आमच्या नागपुराखेरीज अन्यत्र क्वचितच घडला असेल. परंतु आपल्या विषयाला महत्त्वाचे ते निराळेच. सोळा वर्षे कोंडून घातलेला मनुष्य, ज्याच्या नावापुढे वेडा असा शेरा सरकारी नोंदवहीत पडलेला, तोच दुसऱ्याच्या दुःखाची कैफियत ऐकून घेणारा न्यायाधीश झाला. कैफियत देणाऱ्याला तेथे वकील लागत नसे, स्टँप लागत नसे, जात सांगावी लागत नसे. तेराव्या शतकातल्या रिद्धपुराच्या गोविंदप्रभूंची आठवण येथे होते. त्यांनाही लोक वेडे समजत, आणि अंत्यजांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या घरचे अन्न खाताना त्या वेडाचा त्यांना उपयोग होत असे. वऱ्हाड-नागपुरात देवत्वाला वेडाचा दाखला लागतो की काय, असे कधीकधी वाटते. शहाण्यांच्या जगात ज्याला खाते नाही त्याने वेड्याच्या दारी जावे, हा एक न्यायच आहे. तेथे दुःखाचे निवारण होते की नाही यावर वाद घालता येईल. दुःख सांगता येते यावर वाद नाही, आणि ज्यांना घरी, कचेरीत आणि देवळात कोणी बोलू देत नाही त्यांच्या लेखी तेवढेही थोडे नसते.

तथापि या दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. गुलाबरावांनी दुःख मनात विरवले, ताजुद्दीन बाबांच्या दारी ते दुसऱ्याच्या पायाशी ठेवता आले. परंतु पहिला बाण कोणी मारला, हा प्रश्न दोन्हींकडे विचारला गेला नाही. आंधळ्याच्या बाबतीत तो विचारण्यात अर्थही नव्हता. बाण मारणारा कोणी नव्हताच. पण ज्याच्या बाबतीत धनुष्य धरणारा समोर उभा असतो, आणि तो शेजारीच राहतो, त्याचे काय? हा प्रश्न विचारला तो आपल्या तिसऱ्या माणसाने.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, लसीच्या संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, जे घडले त्याचा वृत्तान्त पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून मी तो थोडक्यात आवरतो. कुशिनाऱ्याचे ऐंशी वर्षांचे महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सौ. सविताबाई यांना त्रिशरण आणि पंचशील दिले. नंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लक्षावधी लोकांना ते दिले आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. समुदायाची गणती कोणी तीन लाख करतो, कोणी पाच. पांढऱ्या वस्त्रांचा तो समुद्र होता, एवढे त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या तोंडी असे. येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी केलेल्या धर्मांतराच्या घोषणेला त्या दिवशी एकवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने खंगलेले, चालताना काठीचा आणि माणसाचा आधार. आणि यानंतर दोन महिनेही उलटण्यापूर्वी, ६ डिसेंबरला, दिल्लीस त्यांचे निर्वाण झाले.

या माणसाला पहिल्या जातीचे दुःख, म्हणजे ज्याला धनुर्धारी नसतो ते, ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. १९२६ साली राजरत्न हा धाकटा मुलगा गेला तेव्हा हा कणखर पुरुष कोसळला होता. २७ मे १९३५ रोजी पहिल्या पत्नी रमाबाई गेल्या. रमाबाईंना पंढरपूरला जावेसे वाटे, आणि ज्या पंढरीत महाराला विठ्ठलापासून दूर उभे राहावे लागते तेथे जाण्यापेक्षा आपण दुसरी पंढरी उभारू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नागपूरची दीक्षाभूमी हीच ती दुसरी पंढरी असे कोणी भाविकपणे म्हणतात. मला मात्र त्या हकीकतीत रमाबाईंचे गप्प राहणे अधिक ऐकू येते. विठ्ठल न भेटताच त्या गेल्या, आणि नवी पंढरी त्यांनी पाहिली नाही.

बाबासाहेबांच्या मरणोत्तर, १९५७ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी बौद्धमताविषयी चार शंका मांडल्या आहेत. त्यांतील दुसरी शंका चार आर्यसत्यांची, आणि ती वाचताना जन्मजात बौद्ध देशांतील भिक्षू दचकले नसते तरच नवल. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख, असे जर म्हटले तर मग सगळेच संपले. धर्म काय किंवा तत्त्वज्ञान काय, माणसाला या जगात सुख मिळवून देण्यास असमर्थच ठरतात. हे आर्यसत्य बुद्धाचे मूळचे की भिक्षूंनी मागाहून घातलेले, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. पहिली शंका गृहत्यागाची. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही कथा त्यांना पटत नाही, कारण एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर या तीन गोष्टी पाहिल्याच नसतील हे संभवत नाही. त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्याकडे बोट दाखवतात: सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाचा निर्णय विरुद्ध गेला, आणि त्याने देशत्याग पत्करला.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा पुरुष बुद्धाच्या वैराग्याचे मूळ शोधू लागतो, आणि त्याला ते पाण्याच्या तंट्यात सापडते. हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही, आणि त्यामुळे त्या प्रतिपादनाची किंमत कमी होते असेही वाटत नाही. कोणत्याही काळी भाष्यकार आपल्या पायातला काटा बरोबर घेऊनच ग्रंथ उघडतो. शंकराचार्यांनी तेच केले, ज्ञानेश्वरांनी तेच केले.

मग आंबेडकरांच्या ग्रंथातला बुद्ध सारनाथला काय सांगतो? धम्माचा मध्यबिंदू मनुष्य आहे, आणि माणसाचे माणसाशी या पृथ्वीवरचे नाते हा त्याचा विषय आहे. माणसे दुःखात, दैन्यात, दारिद्र्यात राहतात, हे ओळखणे आणि ते दूर करणे हेच धम्माचे प्रयोजन आहे. ‘दुःख’ या शब्दाच्या शेजारी ‘दारिद्र्य’ हा शब्द ठेवल्याने केवढा फरक पडतो पाहा. पारंपरिक बौद्ध शास्त्रकारही दुःखाचे तीन प्रकार मानतात: प्रत्यक्ष वेदनेचे, सुख पालटण्याचे, आणि जे जे घडवलेले आहे त्याच्या अस्थिरपणाचे. या तिन्हींचे औषध मनाच्या शिस्तीत आहे. दारिद्र्याचे औषध केवळ मनाच्या शिस्तीत असते असे म्हणणारा एकतर ऋषी असतो किंवा सावकार.

कर्मविपाकाविषयी तर त्यांनी कोणतीही भीड ठेवली नाही. गरिबाचे दैन्य हे त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही शिकवण मानली तर दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर उरतच नाही, आणि हाच त्या शिकवणीचा उपयोग होय, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. आमच्या जुन्या महसुली भाषेत सांगावयाचे तर, गावाने केलेला खर्च महाराच्या मागल्या जन्माच्या खात्यावर टाकण्याची जी हिकमत शेकडो वर्षे चालली होती, ती वही त्यांनी तपासावयास मागितली. बाकी खरी होती. नाव खोटे होते.

भिक्षुसंघातील काही विद्वानांनी या ग्रंथावर टीका केली की, हा धम्म बुद्धाचा नसून आंबेडकरांचा आहे. उलट भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद करताना त्यातील वचनांची मूळ पाली स्थळे खटपटीने शोधून काढली. हे भदंत पुढे नागपुरास राहिले आणि १९८८ साली तेथेच निवर्तले. दोन्ही पक्षांचे म्हणणे मी आदराने वाचले आहे. माझे स्वतःचे मत असे की, मरण, जरा, वियोग यांच्या बाबतीत चार आर्यसत्यांचे जुने रूपच अधिक खोल आहे, आणि राजरत्नच्या मृत्यूवर दुसरा उतारा आंबेडकरांनाही सापडला नसता. परंतु बाण मारणारा जेथे मनुष्य आहे तेथे बाणाची चिकित्सा सोडून केवळ जखमेचे ध्यान करावयास सांगणे, हे ज्याला बाण लागला त्याने स्वतःपुरते केले तर तपस्या. ज्याने मारला त्याने उपदेशिले तर निर्लज्जपणा. वर्षानुवर्षे आमच्या कीर्तनांतून सोशिकपणाची जी स्तुती झाली तिचा श्रोता कोठे बसवलेला असे, ओट्यावर की ओट्याखाली, एवढे आठवले तरी पुरे.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, नागपुरात झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी धर्माची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक असते, कारण गरीब मनुष्य आशेवर जगतो, असे सांगितले; धर्माला अफू म्हणणाऱ्या मार्क्सपंथीयांना सकाळच्या न्याहारीला पाव-लोणी मिळते, असा टोलाही त्यांनी दिला. लक्षात घ्यावे की, ज्या पुरुषाने दुःखाचे खाते समाजाच्या नावे वळते केले त्यानेच केवळ भाकरीवर दुःख मिटते हे मात्र नाकारले. महिनाभरानंतर नेपाळात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली ती याच भूमिकेवरून. आशा आणि उत्साह ही त्यांच्या मते जिवंतपणाची खूण. आणि ज्या धर्मात जन्मापासून माणसाचा उत्साह मारला जातो तो धर्म सुटल्याचे सुख हे त्या मैदानावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अनुभवलेले खरे आध्यात्मिक सुख होय. त्या पिढीतल्या ज्या वृद्धांशी मी बोललो, त्यांनी त्या दिवसाविषयी ‘मोकळं वाटलं’ हाच शब्द वापरला. मोक्ष हाही त्याच धातूचा शब्द, परंतु हे त्यांना सांगण्याची मला कधी गरज वाटली नाही.

मोकळेपणाचे मोलही पडलेच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचे हक्क मुख्यतः हिंदूंपुरते होते. १९५६ साली त्यांत शीख आले, बौद्ध मात्र १९९० साली आले. म्हणजे चौतीस वर्षे केंद्राच्या लेखी असा पेच होता की, ज्याने अस्पृश्यता देणारा धर्म सोडला त्याने अस्पृश्यतेवरची सवलतही सोडली. शाळेच्या दाखल्यात धर्माच्या रकान्यात काय लिहावे, याचा विचार करीत कचेरीच्या पायरीवर बसलेले बाप त्या काळी विदर्भाच्या प्रत्येक तहसिलीत होते. कोणी ‘बौद्ध’ लिहवले आणि मुलाची शिष्यवृत्ती घालवली. कोणी जुनेच लिहवले आणि घरी जाऊन बायकोची बोलणी खाल्ली. अध्यात्मातले सुखदुःख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुहा आणि समाधी येते. मला ती कचेरीची पायरी येते.

दीक्षाभूमीवरचा स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. सांचीसारखे जुने स्तूप भरीव; भाविकाने बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची. हा पोकळ आहे. आत शिरता येते, आणि मध्यभागी बाबासाहेबांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. उन्हातून आलेली माणसे घुमटाखालच्या त्या गारव्यात थोडा वेळ काही न बोलता बसतात. ‘ख’ म्हणजे पोकळी, हे मला तेथे बसलेले असतानाच प्रथम आठवले होते.

बाहेरच्या दुकानांत पाली सुत्तांची मराठी भाषांतरे स्वस्तात मिळतात, आणि त्यांत अंगुत्तरनिकायातला एक छोटा उपदेश असतो, ज्याकडे अध्यात्माच्या लेखकांचे सहसा लक्ष जात नाही. बुद्ध अनाथपिंडिक गृहपतीला संसारी माणसाची चार सुखे सांगतो: स्वतःच्या कष्टाने मिळवलेले आपल्याजवळ आहे याचे सुख, ते उपभोगण्याचे आणि त्यातून दान करण्याचे सुख, कोणाचे लहानमोठे देणे नाही याचे, म्हणजे अनृणतेचे सुख, आणि आपल्या हातून निंद्य असे काही घडले नाही याचे सुख. शेवटी बुद्ध म्हणतो की, पहिली तिन्ही मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाला पुरत नाहीत. सोळावा हिस्सा म्हणजे रुपयातला आणा. आमच्या बालपणी हे वाचले असते तर हिशेब चटकन कळला असता. धम्मदीक्षेनंतर सहाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ला, नये पैसे आले आणि रुपयाचे सोळा भाग विस्मरणात गेले.

यवतमाळ-अमरावतीच्या कापूसपट्ट्यातला वाचक मात्र या हिशेबावर हरकत घेईल, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. मृगाच्या आधी बियाण्यासाठी घरातल्या पाटल्या गहाण टाकणाऱ्याला, दिवाळीनंतर कापूस बाजारात नेऊन भाव ऐकताच देण्याचे आकडे मनात जुळवणाऱ्याला, अनृणतेचे सुख एक आण्याच्या तिसऱ्या भागाएवढे आहे असे कोण पटवणार? ज्याच्या दारी रोज तगादा येतो त्याला निंद्य काही न करता राहणे हेच अवघड होऊन बसते. तिसरे सुख गेले की चौथ्याच्या भिंतीला ओल चढू लागते. खुद्द बुद्धाला हे ठाऊक नसेल असे नाही. त्याने हा उपदेश केला तो कर्जदाराला केला नव्हता. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी, लोकांना पैसा देणारा. जातककथेत म्हटले आहे की अठरा कोटींचे रोखे त्याच्याकडे पडून होते, आणि त्याने कोणाकडे कधी तगादा लावला नाही.